परिपाठात नदी

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, ठळक बातम्या, एखादी बोधकथा आणि शेवटी दोन मिनिटं मौन किंवा पसायदान. क्रम शाळेगणिक थोडा इकडेतिकडे होतो, साचा तोच राहतो. अख्खी शाळा, पहिलीच्या पोरापासून मुख्याध्यापकांपर्यंत, एकाच वेळी एकाच जागी असते असा दिवसातला हा बहुधा एकमेव अर्धा तास. त्यात पाण्याला हक्काची जागा मिळते ती 22 मार्चला. त्या दिवशी जागतिक जलदिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी 1993 पासून तो पाळायला सुरुवात केली. एखादी मुलगी कागदावरचं वाचून दाखवते, एखादा मुलगा घोषणा देतो, सगळे हात पुढे करून जलप्रतिज्ञा म्हणतात आणि ओळीने वर्गात जातात. वरवर पाहता यात गैर काही नाही. पण वर्षानुवर्षं असंच चाललं की मुलांच्या लेखी पाणी हा भाषणाचा विषय होऊन बसतो. त्यातलं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्यावर शंका काढायची नसते आणि आपल्या गावच्या ओढ्याशी त्याचा काही संबंध नसतो. माझं म्हणणं असं, की परिपाठात नदीविषयी सांगणं कमी करून विचारणं वाढवलं, तर वर्गातल्या तासाला जे साधत नाही ते हा अर्धा तास साधू शकेल.

विचारणं म्हणजे करमणूक नव्हे, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. हार्वर्ड विद्यापीठातल्या एरिक माझुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली एक साधी तुलना प्रसिद्ध केली. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रयोग करून दाखवायचे. काहींनी ते नुसते पाहिले आणि स्पष्टीकरण ऐकलं. काहींना मात्र प्रयोगाआधी ‘काय होईल?’ याचा अंदाज नोंदवायला लावलं. पुढे तपासणी केली तेव्हा नुसते पाहणारे विद्यार्थी प्रयोग अजिबात न पाहिलेल्यांपेक्षा जेमतेमच पुढे होते. ज्यांनी आधी अंदाज बांधला होता त्यांना प्रयोगामागचं कारण लक्षणीयरीत्या जास्त कळलं होतं, आणि त्यासाठी वेळ लागला होता दोन-एक मिनिटं जास्त. 2014 साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी अशा 225 अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण 34 टक्क्यांच्या आसपास होतं, तर विद्यार्थ्यांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत 22 टक्क्यांच्या आसपास. हे सगळं कॉलेजातल्या मुलांचं, त्यावरून पाचवीच्या मुलांबद्दल काय बोलावं, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण स्वतःहून प्रवेश घेतलेल्या, परीक्षेची काळजी असलेल्या तरुणांचं लक्षही नुसतं पाहून टिकत नसेल, तर उन्हात ओळीत उभ्या राहिलेल्या दहा वर्षांच्या मुलाचं ते टिकेल असं मानायला तरी काय आधार आहे? अंदाज बांधलेल्या माणसाला आपण बरोबर की चूक हे कळण्याची ओढ लागते. ही ओढ वयावर अवलंबून नाही. उलट लहान मुलांमध्ये ती उघडपणे दिसते.

या कसोटीवर पाण्याचा सगळ्यात लोकप्रिय प्रयोग घासून पाहू. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे पृथ्वीवरचं सगळं पाणी, असं धरायचं. त्यातलं साडेसत्याण्णव टक्के खारं, म्हणून गोड्या पाण्याच्या नावाने 25 मिलिलिटर वेगळं काढायचं. त्यातला दोनतृतीयांशाहून जास्त भाग बर्फात अडकलेला, उरलेला बहुतेक जमिनीखाली. नद्या आणि तळी मिळून हाती उरतो जेमतेम दीड थेंब. टेबलावरचा तो थेंब पाहून मुलं खरोखरच चकित होतात. आकडे बरोबर आहेत, नाट्यही आहे, तरी मला हा प्रयोग अर्धवट वाटतो. यातून मुलं शिकतात की नदीचं पाणी थोडं आहे. नदीचं मर्म मात्र त्या थोडकेपणात नसून वाहण्यात आहे. जगातल्या नद्यांच्या पात्रात एका वेळी असलेलं पाणी सरासरी 16 दिवसांत बदलतं; जुनं समुद्राला मिळतं, नवं येतं. म्हणजे त्या थेंबातला नद्यांचा वाटा वर्षातून वीसएक वेळा नव्याने भरला जातो. आता प्रश्न बदलतो. थेंब लहान का, हे विचारण्यापेक्षा तो भरायचा कुठे थांबतो आणि भरताना त्यात काय मिसळतं, हे विचारावं लागतं. देशात सर्वाधिक मोठी धरणं असलेल्या राज्यात पहिला प्रश्न, आणि नदीकाठच्या प्रत्येक गावात दुसरा, मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतो. थेंबाच्या प्रयोगानंतर तपासण्यासारखं काही उरत नाही. हळहळ तेवढी उरते.

तपासण्यासारखं काही उरेल असा एक प्रयोग जवळून पाहू. सांडपाण्याची प्रत तपासण्याची ही जुनी रीत आहे आणि परिपाठाला ती फार सोयीची आहे, कारण ती एका दिवसात संपत नाही. झाकणाच्या तीन सारख्या काचेच्या बाटल्या घ्यायच्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत गावाच्या वरच्या अंगाला नदीतून आणलेलं, तिसरीत गावाचा नाला मिळाल्यानंतरचं. प्रत्येकीत मिथिलीन ब्ल्यूचे थेंब टाकायचे, पाणी फिकट निळं होईल इतकेच; शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात हा रंग मिळतो. बाटल्या काठोकाठ भरायच्या, हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये. झाकण घट्ट लावून त्या कपाटात, अंधारात ठेवायच्या, नाहीतर उजेडात शेवाळ प्राणवायू सोडतं आणि निकाल बिघडतो. सोमवारी परिपाठात विचारायचं: कुठल्या बाटलीचा निळा रंग आधी जाईल? पहिली वाटणाऱ्यांनी हात वर करा, दुसरी वाटणाऱ्यांनी खाली बसा, तिसरी वाटणाऱ्यांनी उभं राहा. तीनशे मुलांचं मत अर्ध्या मिनिटात मैदानावर दिसतं. मंगळवारी, बुधवारी बाटल्या नुसत्या उंच धरून दाखवायच्या. घाण पाण्यातले जिवाणू त्यातली घाण खाताना विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो संपला की निळा रंगही नाहीसा होतो. मैलापाणी जास्त असेल तर नाल्याखालची बाटली दिवसभरातही रंग टाकते. नळाची निळीच राहते. खरी मजा पुढे आहे. रंग गेलेल्या बाटलीचं झाकण शिक्षकांनी हातमोजे घालून उघडायचं, थोडं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा झाकण लावून बाटली हलवायची. त्याआधी विचारायचं, काय होईल? हवा मिसळताच रंग परत येतो. धबधब्याखाली, खडकांवरून उसळणाऱ्या पाण्यात मासे का रमतात आणि बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्यात का गुदमरतात, हे यानंतर वेगळं समजवावं लागत नाही. उन्हाळ्यातल्या 30 अंशांच्या स्वच्छ पाण्यातही लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेवढ्याच हवेत तो त्याच्या तीसपटीहून जास्त असतो. माशाचा संसार इतक्या तुटपुंज्या भांडवलावर चालतो, हा आकडा त्या बाटलीनंतर सांगितला तर कानावरून जात नाही.

प्राण्यांच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळांतल्या चार ते अकरा वर्षांच्या मुलांना चित्रांची कार्डं दाखवून ओळखायला सांगितलं होतं. काही कार्डांवर तिथले नेहमीचे प्राणी आणि झाडं, काहींवर पोकेमॉन. आठ वर्षांच्या मुलांनी सरासरी 78 टक्के पोकेमॉन ओळखले, आजूबाजूचे जीव फक्त 53 टक्के. यातून मुलांच्या नावाने खडे फोडणं सोपं आहे, पण मला निष्कर्ष उलटा दिसतो. शेकडो काल्पनिक प्राण्यांची नावं, सवयी आणि ताकद लक्षात ठेवणारी मुलं जिवांच्या बाबतीत मंद नाहीत. त्यांना कुणी खेळात घेतलेलं नाही, इतकंच. नदीतले जीव पोकेमॉनपेक्षा काही कमी अचाट नाहीत. चतुराचंच घ्या. पावसाळ्यानंतर तळ्याकाठच्या गवताच्या पात्यांवर त्याच्या पिलांनी टाकलेल्या रिकाम्या काती चिकटलेल्या असतात. जिवंत प्राण्याला हात न लावता ही कात पारदर्शक डबीतून रांगेत फिरवता येते. पाठीवरची चीर दाखवून विचारायचं, आतला प्राणी कुठून बाहेर पडला आणि आता तो कुठे आहे? मग दुसरा प्रश्न: पाण्यात असताना हा श्वास कुठून घेत होता? तोंड, नाक, कल्ले, सगळी उत्तरं येऊन जातात. खरं उत्तर आहे शेपटीकडून. चतुराच्या पिलाचे कल्ले गुदाशयात असतात आणि संकट आलं की तिथूनच पाण्याची पिचकारी मारून ते पुढे सुसाटतं. मैदानभर हशा पिकतो, पण ही गोष्ट कुणी विसरत नाही. मग हेच पिल्लू डासांच्या अळ्या फस्त करतं, नाल्याची गटारगंगा झाली की नाहीसं होतं आणि डास मात्र उरतात, हा दुवा मुलं स्वतःच जोडू शकतात.

निरीक्षणाला प्रश्नाची जोड नसेल तर ते फसवतंही. शहराखालच्या नदीच्या उथळ पात्रात लांब लाल पायांच्या शेकाट्यांचे थवेच्या थवे दिसतात. मुलांना विचारलं की इतके पक्षी म्हणजे नदी कशी, तर बहुतेक म्हणतील चांगली. प्रत्यक्षात मैलापाण्याने माजलेल्या गाळात ज्या अळ्यांची रेलचेल होते त्यांच्यावर शेकाट्या पोसला जातो, म्हणून घाण वाढली की त्याची गर्दी वाढू शकते. खंड्या आणि नदी सुरय यांना मासे लागतात. तेव्हा पक्षी किती, यापेक्षा कोणता पक्षी आणि तो तिथे काय खातो, हे विचारायला हवं. ‘निसर्गरम्य नदी’ या विषयावरच्या निबंधात ही फोड कधी येत नाही.

आता आक्षेप. पहिला मुख्याध्यापकांचा: वेळ कुठे आहे? आधीच परिपाठ लांबतो आणि पहिला तास मारला जातो. हे खरं आहे. म्हणूनच वेगळा उपक्रम नको. बातम्यांत एक बातमी नदीची घालावी आणि सामान्यज्ञानाचा एक प्रश्न नदीचा असावा. मिनिटं तीच राहतील. दुसरा आक्षेप असा, की हे सगळं पाठ्यपुस्तकात आहेच. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 साली पर्यावरण हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा करायला सांगितलं. आपल्याकडे खालच्या इयत्तांत परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला 2020 नंतर जलसुरक्षा हा विषय आला. पण राज्याचं पुस्तक गडचिरोली आणि रत्नागिरी दोघांसाठी एकच असतं. त्यात शाळेमागचा ओढा येणार नाही, यायचं कारणही नाही. शिवाय वर्गात मुलं वयाप्रमाणे वाटलेली असतात. परिपाठात मासेमारी करणाऱ्या घरातली चौथीतली मुलगी नववीच्या मुलांना वाम आणि मरळ यांतला फरक सांगू शकते, आणि शाळेत कुणाचं ज्ञान मोलाचं याचा हिशेबच त्याने थोडा बदलतो. शिक्षकांना स्वतःलाच एवढी माहिती नसते, असंही म्हटलं जातं. पण अंदाज मागायला उत्तर ठाऊक असावं लागत नाही. ‘मलाही माहीत नाही, शुक्रवारपर्यंत शोधू’ असं माइकवरून म्हणायची तयारी मात्र लागते, आणि आपल्या शाळांत ती माहितीपेक्षा दुर्मीळ आहे.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या 311 प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी 55 महाराष्ट्रातले होते, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यामागचं मोठं कारण म्हणजे प्रक्रिया न करता सोडलेलं शहरांचं मैलापाणी, आणि जोडीला कारखान्यांचं. यातलं काहीही शाळकरी मुलांनी केलेलं नाही आणि त्यांना थांबवताही येणार नाही. मग मोठ्यांच्या पापाचं ओझं त्यांच्या डोक्यावर का? आक्षेप निम्मा पटतो. दात घासताना नळ बंद ठेवा म्हणजे नदी वाचेल, असं मुलांना सांगणं खोटं आहे. नळ बंद ठेवल्याने पाणी वाचतं. नदीचं दुखणं त्याने बरं होत नाही. पण याचा उपाय गप्प बसणं हा नाही, कारण मुलांचं ज्ञान मुलांपाशी थांबत नाही. सेशेल्स बेटांवर वन्यजीव मंडळांतून पाणथळ जागांविषयी शिकलेल्या मुलांच्या पालकांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्या पालकांना पाणथळींबद्दल इतरांपेक्षा जास्त माहिती होती आणि घरातला पाण्याचा वापरही ते जास्त जपून करत होते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात 2019 साली हवामानबदलाबाबत असंच आढळलं आणि मुलींचा वडिलांवरचा परिणाम विशेष ठळक होता. तेव्हा मुलांना शपथ न देता खरा नकाशा द्यावा. परिपाठात एक प्रश्न विचारायलाच हवा: आपल्या शाळेच्या स्वच्छतागृहातलं पाणी कुठे जातं? शोषखड्ड्यात, गटारात, प्रक्रिया केंद्रात की थेट ओढ्यात? उत्तर शोधायला मुलांना शिपाईमामांपासून ग्रामसेवकांपर्यंत सगळ्यांना गाठावं लागेल. कधी उत्तर शाळेलाच अडचणीचं निघेल, आणि त्याची तयारी नसेल तर जलदिनाचा कार्यक्रमही ठेवू नये.

धोक्याचा मुद्दा उरतोच. नदीची गोडी लागली की मुलं नदीवर जाणार, आणि बुडण्याच्या घटना आपल्याकडे दर पावसाळ्यात घडतात. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठाला, चिपळूणला वाशिष्ठीत, महाडला सावित्रीत मगरी आहेत. म्हणून स्पष्ट असावं: पाणी आणायला मोठी माणसं जातील, निरीक्षण पुलावरून किंवा घाटाच्या वरच्या पायरीवरून होईल, आणि कासव, पिल्लू, अंडं असं काहीही शाळेत आणलं जाणार नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अनेकदा गुन्हाच ठरतो. पण अज्ञान हे संरक्षण नव्हे. मगर असलेल्या गावातली मुलं नदीवर जातातच, कपडे धुवायला, म्हशी घेऊन. मगर कुठल्या काठावर ऊन खाते, कोरड्या दिवसांत अंडी घालून ती राखताना जास्त आक्रमक का होते, हे त्या मुलांना परिपाठात कळणं कुठल्याही सुविचारापेक्षा उपयोगाचं आहे.

परिपाठातल्या नदीच्या रोजच्या बातम्यांचा आणखी एक फायदा लगेच दिसत नाही. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 साली दाखवून दिलं, की प्रत्येक पिढी आपण लहानपणी पाहिलेला निसर्ग हीच मूळ स्थिती धरते, त्यामुळे हळूहळू होणारा ऱ्हास कुणाच्याच लक्षात येत नाही. पुण्याच्या मुळा-मुठेत ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्स यांना आढळलेल्या महाशीर माशाचं शास्त्रीय वर्णन 1839 साली प्रसिद्ध झालं. आज पुलावरून जलपर्णी पाहणाऱ्या मुलाला ही गोष्ट दुसऱ्या देशातली वाटेल. उलट महाडजवळ वाळण कोंडीला किंवा वाडा गावाजवळ तिळसेश्वराला देवाचे म्हणून राखलेले मोठाले मासे मूल डोळ्यांनी पाहतं, आणि नदीत काय असू शकतं याची त्याची कल्पनाच वेगळी होते. देवाच्या धाकाने राखलेला डोह नदीच्या एका तुकड्यापुरता असतो, ही त्याची मर्यादा आहे. पण नदीची आठवण राखायचं काम शाळा करू शकते; कितीतरी जिल्हा परिषद शाळांनी शंभरी ओलांडली आहे. पुलावरून येणाऱ्या मुलांनी सांगितलेली पाण्याची पातळी, रंग, दिसलेला पक्षी एवढं तारखेसह एका वहीत उतरवलं, तर दहा वर्षांनी त्या वहीत जे असेल ते गावात दुसरीकडे कुठेच नसेल. मुलांच्या नोंदी कच्च्या असतात, खरं. पण एकाच पुलावरून अनेक डोळ्यांनी रोज पाहिलेल्या गोष्टीत चुका एकमेकींना उघड्या पाडतात.

निळ्या बाटलीचा प्रयोगही कधीकधी खोटं बोलतो, हे शिक्षकांनी जाणून असावं. कारखान्याचं विषारी पाणी मिसळलं असेल तर त्यातले जिवाणूच मरतात, प्राणवायू वापरणारं कुणी उरत नाही, आणि सगळ्यात वाईट पाण्याची बाटली दिवसेंदिवस स्वच्छ असल्यासारखी निळी राहते. औद्योगिक वसाहतीखालच्या शाळेत असं झालं तर तो निकाल लपवू नये. त्या पाण्यात निवळ्या, पाणविंचू दिसतात का, हे काठावरून पाहिलेल्या मुलांना विचारावं, म्हणजे बाटली आणि जीव यांची साक्ष जुळते की नाही ते कळेल. सुरुवात कधी करावी, याचं उत्तर शाळेच्या वेळापत्रकातच आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा, आणि त्याच सुमाराला उन्हाळाभर नाल्यांत साठलेली घाण पहिल्या जोरदार पावसाने एकदम पात्रात येते. प्राणवायू अचानक खाली जातो आणि पंचगंगेसारख्या नदीत मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. वर्तमानपत्रात ती बातमी येण्याआधी परिपाठाच्या टेबलावर पहिल्या तीन बाटल्या भरून ठेवलेल्या असाव्यात.